पिल्लू नक्की कोणाला हवं होतं?

आई,

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. सतरंज्या परत गेल्या, वन्सं नाशिकला गेल्या, तुमचा मुलगा कालपासून कामावर जायला लागला. भेटायला आलेल्या प्रत्येकाने तुमच्याबद्दल चांगलंच सांगितलं. किती नेटक्या होत्या, किती कडक होत्या, चतुर्थीला यांच्याकडचे मोदक म्हणजे काय विचारता! मी माना डोलावत होते, चहाचे कप फिरवत होते, आणि मनात भलतंच काहीतरी चाललं होतं. कुणाला सांगितलं असतं तर लोकांना वाटलं असतं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी एका कुत्र्याच्या पिल्लाचा विचार करत होते. जे आपल्या घरात कधी आलंच नाही, त्या पिल्लाचा.

तुम्हाला आठवत असणार. दहा वर्षांपूर्वीची नाताळची सुट्टी. मुग्धा नऊ वर्षांची होती.

तुम्ही कल्याण सोडून आमच्याकडे नौपाड्यात येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कल्याणच्या घरात सकाळी दार उघडलं की ते झोपतानाच लागायचं, असं तुम्ही सांगायचात. कुणी विरजण मागायला येई, कुणी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घाला म्हणून बोलवायला येई. मामंजी गेले, आणि तुम्ही तुमचा देव्हारा नि दोन ट्रंका घेऊन आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आलात. इथे सगळ्यांची दारं बंद. हे सातच्या कंपनीच्या बसने कोलशेतला जायचे, मी नवाला ऑफिसला, मुग्धाची दुपारची शाळा. साडेअकराला ती गेली की संध्याकाळपर्यंत घरात तुम्ही एकट्या. तेव्हा टीव्हीसुद्धा संध्याकाळ झाल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. हा सगळा हिशेब मी आज मांडते आहे. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की घरात कुणीतरी आहे, म्हणून मला निर्धास्तपणे ऑफिसला जाता येतं.

आपल्या दोघींत भांडण असं कधी झालं नाही, आणि गट्टीही नव्हती. तुम्हाला आमटी पातळ लागायची, मला दाट. तुम्ही म्हणायचात, "करा तुम्हाला हवी तशी," आणि वाढून घेताना ताटात थोडं पाणी घालायचात. मी ते बघितलं न बघितल्यासारखं करायचे. असं आपलं चाललं होतं.

एके संध्याकाळी हे कामावरून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "अगं, कोलशेतचा आमच्या खात्यातला भोईर आहे ना, त्याच्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत. म्हणतोय, साहेब, एखादं घेऊन जा."

मुग्धाने जो आरडाओरडा केला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. आणि मी म्हटलं, "आजीला विचार."

आई, हे मी किती हुशारीने म्हटलं होतं म्हणून सांगू! मला ते पिल्लू नको होतं. पहाटे पाचला उठून तीन डबे, पाणी, कपडे, मग दिवसभर फायली. त्यात आणखी एक जीव मला नको होता. पण नाही म्हणायचं काम मला करायचं नव्हतं, आणि ते करण्याची मला गरजही नव्हती. घरात तुम्ही होतात. तुमचा पाण्याचा तांब्या वेगळा, चातुर्मासात कांदा-लसूण बंद, पूजा होईपर्यंत तुम्हाला कुणी शिवायचं नाही. तुमच्या घरात कुत्रं येणं शक्यच नव्हतं. तुम्ही नाही म्हणाल, मुग्धा दोन दिवस रडेल, तुमच्यावर रुसेल, आणि मी तिची समजूत काढणारी चांगली आई होईन. हे सगळं मी एका क्षणात ठरवून टाकलं होतं. मला आज त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

तुम्ही मेथी निवडत बसला होतात. मान वर न करता विचारलंत, "रंग कुठला आहे?"

ह्यांना रंग माहीत नव्हता.

"मग आधी बघून तरी येऊ," तुम्ही म्हणालात, आणि पुन्हा मेथीकडे वळलात.

नाताळच्या दिवशी मला सुट्टी होती, ह्यांना नव्हती. आपण तिघी बसने कोलशेतला गेलो. नौपाड्यातून निघताना बेकरीच्या दारात लाल कागदाच्या चांदण्या टांगलेल्या होत्या, त्या काय आहेत हे तुम्ही मुग्धाला विचारलंत आणि तिने सांगितलेलं सगळं नीट ऐकून घेतलंत. कोलशेत तेव्हा गावच होतं. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला खाडीकडे उतरणारी कोळ्यांची घरं. भोईरांच्या अंगणात जाळी पसरलेली, चटईवर जवळा वाळत घातलेला. तो वास आला आणि मी मुद्दाम तुमच्याकडे पाहिलं. मला खात्री होती, तुम्ही पदर नाकाला लावाल आणि इथूनच मागे फिरू.

तुम्ही चटईजवळ वाकून उभ्या राहिलात. "हे काय आहे?"

"जवला हाय, बाय," भोईरची आई म्हणाली. हिराबाई. तुमच्याच वयाची, काटक, कपाळावर मोठं कुंकू. "तुमी नाय खात ना?"

"आम्ही नाही खात. पण हे वाळायला किती दिवस लागतात?"

"ऊन चांगला असला का दोन दिस."

"आणि कावळे?"

हिराबाई हसली. "कावल्यांसाठी तं ती ठेवलीय ना," असं म्हणून तिने उलट्या घातलेल्या होडीकडे बोट केलं. तिथे सावलीत तांबूस रंगाची कुत्री आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी पाच गोळे चिकटलेले होते. दोन काळी, दोन तांबडी आणि एक पांढरं, एकच कान तपकिरी असलेलं.

मुग्धा धावली. तुम्ही तिला हाताने अडवलंत. "थांब. आधी तिच्या आईला बघू दे आपल्याला." मग तुम्ही हिराबाईने पुढे केलेल्या बाजेवर बसलात, पाण्याचा तांब्या दिला तर त्यातलं पाणी प्यायलात. माझ्या माहेरच्या घरी वर्षभर पाणी न प्यालेल्या तुम्ही! आणि तुमचे प्रश्न सुरू झाले. पिल्लं किती दिवसांची? कुत्री किती वर्षांची? तिला पहिल्या खेपेची जगली किती? रडतात का? आईपासून कधी तोडायची? दूध कुठलं द्यायचं, पाणी घालून की निरसं?

"आमच्याकडे म्हावरं नसतं हं," तुम्ही शेवटी गंभीरपणे सांगितलंत. "वरण-भात खाईल का ते?"

"भूक लागली का काय पन खाल," हिराबाई म्हणाली. "पन आता नको नेव. आजून आठ दिस आईपाशी ऱ्हाऊ दे. मंग न्या, कुठला पायजे तो. काला नको नेव, तो लय चावरा हाय."

बसमध्ये मुग्धा तुमच्या मांडीवर डोकं ठेवून "पांढरं, पांढरं" करत होती. घरी आल्यावर हे म्हणाले, "तुम्ही तिघी काय ते ठरवा, मला काही म्हणायचं नाही." तेव्हा तुम्ही ठरवून टाकलंत. सुट्टीचा शेवटचा रविवार येईपर्यंत विचार करायचा, त्या दिवशी पक्कं करायचं. मी म्हटलं, ठीक आहे. मला अजूनही वाटत होतं की तुमच्या मनात नाहीच आहे, तुम्ही मुलीला हळूहळू वळवता आहात.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात आणि तुम्ही दोघी घरी. संध्याकाळी मी विचारायचे, दिवसभर काय केलं? मुग्धा म्हणायची, आजीबरोबर तलावपाळीवर फिरायला गेले. मला बरं वाटायचं. तुमचे पाय मोकळे होताहेत, मुलीला हवा मिळते आहे.

शुक्रवारी हे आले आणि हसत म्हणाले, "भोईर विचारत होता, आजी उद्यापण येणार ना? त्याची आई म्हणे वाट बघत असते."

"उद्यापण म्हणजे?" मी विचारलं.

मुग्धाने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही गॅसकडे. पाच दिवस तुम्ही दोघी रोज कोलशेतला जात होतात. हे माझा चेहरा बघून टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेले. मुग्धा चपला घालून खाली खेळायला पळाली. लहान मुलांना हवा कुठून वाहते ते लगेच कळतं.

"मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं, आई?"

"सांगणार होते."

"कधी? पिल्लू घरात आल्यावर?"

तुम्ही ओटा पुसत होतात. कोरडा झालेला ओटा पुन्हा पुसत होतात. मग म्हणालात, "दिवसभर एकट्या माणसाला घरात काहीतरी हलतं-बोलतं हवं गं."

हे वाक्य मी दहा वर्षांत किती वेळा उलटंपालटं करून पाहिलं असेल! तेव्हा मात्र मला ते एकाच बाजूने ऐकू आलं. मुग्धा साडेपाचला शाळेतून येते, मी साडेसहाला. एकच मूल, त्यात आई नोकरीला. हे मला माहेरचे ऐकवत होते, शेजारचे ऐकवत होते, ऑफिसमधल्या बायकासुद्धा डबा खाता खाता सहज ऐकवत होत्या. तुम्ही तेवढं कधी बोलला नव्हतात. मला वाटलं, आज बोललात.

"मग सरळ सांगा ना, नोकरी सोड म्हणून."

"अगं, मी तसं कुठे..."

"माझ्या मुलीला एकटं वाटतं, कारण तिची आई घरात नसते. हेच ना? एक सांगते आई, सुट्टी संपली की मुग्धा शाळेत जाणार. त्याचं दूध, त्याची घाण, त्याचं दुखणंखुपणं सगळं माझ्यावर येणार. मी पाचला उठते. आता साडेचारला उठायची ताकद नाही माझ्यात."

तुमचा हात ओट्यावर थांबला. माझ्याकडे बघितलंत. काहीतरी सांगायचं होतं तुम्हाला, ओठ हललेसुद्धा. मग तुम्ही पातेल्यावर झाकण ठेवलंत आणि म्हणालात, "बरं."

एवढंच.

रविवारी सकाळी मुग्धाने पुठ्ठ्याच्या खोक्यात तुमच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घडी करून घातला. ह्यांनी रिक्षाने जाऊ म्हणून सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते आणि दोन दिवस जेवढं लागेल तेवढंच बोलत होते. मी नाही म्हटलं नव्हतं. मी फक्त असं वागत होते की नाही म्हणायची गरजच पडू नये.

"आजी, चल ना लवकर."

बाहेरून तुमचा आवाज आला. "मुग्धा, इकडे ये. नको आणूया बाळा."

"का?"

"मला नाही झेपणार. देवाधर्माचं घर आहे. ते सगळीकडे तोंड घालणार, देव्हाऱ्यापर्यंत येणार. मला नाही चालायचं ते."

"पण आजी, तूच तर..."

"मी नाही म्हटलं ना."

इतक्या कठोर आवाजात तुम्ही तिच्याशी कधी बोलला नव्हतात. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. स्वयंपाकघराच्या दारापासून तुम्ही बसला होतात ती खुर्ची सहा पावलं होती, आई. मी तिथे येऊन म्हणू शकले असते, 'अगं, आजी नाही, मी नको म्हणते आहे.' किंवा म्हणू शकले असते, 'आणा हो, बघू कसं जमतं ते.' दोन्हींतलं काहीही चाललं असतं. तव्यावरची पोळी जळायला लागली. मी ती उलटली.

ह्यांनी पेपर उघडला. मला वाटतं त्यांची सुटका झाली होती. मुग्धा ते खोकं घेऊन गॅलरीत जाऊन बसली.

नऊ दिवस ती तुमच्याशी बोलली नाही. तुमच्याजवळ झोपायची, ती आपली गादी ओढून आमच्या खोलीत आली, ती महिनाभर. तुम्ही तिची वेणी घालायला बोलवायचात, ती कंगवा घेऊन माझ्याकडे यायची. मी घालून द्यायचे. मी सांगते ना, मला नेमकं हेच हवं होतं आणि ते मला मिळालं. रुसवा तुमच्या वाट्याला, समजूत काढणं माझ्या. फक्त ते इतकं कडू लागेल हे मला माहीत नव्हतं.

एका शनिवारी मी ऑफिसातून येताना तुमच्यासाठी सुरळीच्या वड्या आणल्या. तुमच्या आवडत्या म्हणून. माफी मागायची मला तेवढीच पद्धत येत होती. तुम्ही दोन खाल्ल्यात आणि म्हणालात, "छान आहेत. बेसन जरा कच्चं राहिलंय." मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले, आणि रडता रडता मला हसूही आलं.

त्यानंतर तीन वर्षांनी माझा पाय मोडला. दीड महिना मी पलंगावर. आणि तेव्हा पहिल्यांदा मला तुमचा दिवस कळला. नवानंतर जिना शांत व्हायचा. साडेअकराला मुग्धा गेली की घर असं गप्प व्हायचं की नळाचा थेंब मोजता यायचा. तुम्हाला वाटायचं मी झोपले आहे. मी जागी असायचे आणि ऐकत असायचे. तुम्ही दुधाशी बोलायचात. "अगंबाई, निघालीस का वर? थांब जरा." देवाच्या तसबिरी पुसताना एकेकाला विचारायचात, "कालचं फूल का पाडलंस रे?" मग खिडकीशी जाऊन उभ्या राहायचात. समोरच्या इमारतीत कुणी वाळत घातलेलं काढायला आलं की तेवढ्यापुरता तुमचा चेहरा उजळायचा. त्या बाईने वर बघितलं नाही तर तुम्ही परत आत यायचात.

चौथ्या-पाचव्या दिवशी ते वाक्य माझ्या कानात पुन्हा वाजलं. एकट्या माणसाला घरात काहीतरी हलतं-बोलतं हवं. मुग्धा एकटी कुठे होती? ती शाळेत होती. संध्याकाळी आली की तिच्यापाशी तुम्ही होतात. घरात दिवसभर एकटं माणूस एकच होतं.

मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही हात पुसत आलात. मी म्हटलं, "आई, आता आणूया का एखादं पिल्लू?"

तुम्ही हसलात. "आता कुठे गं? तेव्हा हौस होती. आता सवय झाली."

"म्हणजे तेव्हा तुम्हालाच हवं होतं का?"

तुम्ही माझ्या पायाखालची उशी नीट केलीत. "दूध ठेवलंय गॅसवर," म्हणालात आणि गेलात. गॅसवर काहीच नव्हतं. मला पलंगावरून बंद शेगडी दिसत होती.

त्या दिवसापासून आपल्यात काहीतरी बदललं. तुम्हाला जाणवलं होतं का, मला माहीत नाही. मी दुपारी ऑफिसातून समोरच्या डॉक्टरांकडे फोन करून तुम्हाला बोलावून घ्यायला लागले. कारण काढायचे, आमसुलं संपली का बघा, गवार आणू का. डॉक्टरांची बायको वैतागायची. तुम्ही मात्र पदर सावरत जायचात आणि मग त्यांच्याकडे अर्धा तास बसून यायचात. पुढे तुमचं आणि त्यांचं इतकं जमलं की मी फोन केला नाही तरी तुम्ही तिथेच सापडायचात. आमटी मी पातळ करायला लागले. तुम्ही एकदा चाखून म्हणालात, "पाणी जास्त झालंय का गं?" तुम्हाला खूश करणं सोपं नव्हतंच कधी.

पण तो प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. मला वाटायचं, तुम्ही खोटंच सांगाल. किंवा खरं सांगाल, आणि मग मला मुग्धाला सांगावं लागेल.

तुम्ही गेलात त्यानंतर आठव्या-नवव्या दिवशी वन्संच्या सासरची माणसं भेटायला आली होती. त्यांच्यात एक लहान मुलगी होती, बाहेरच्या कुत्र्याला बिस्कीट घालायला मागत होती. मुग्धा तिला म्हणाली, "थांब, मी खाली घेऊन जाते तुला. वरती नको, आमच्या आजीला कुत्री आवडायची नाहीत." सगळ्यांनी समजून माना हलवल्या. आजी सोवळ्यातली, कुत्री कशी आवडतील?

मुग्धा आता एकोणीस वर्षांची आहे. तुमच्याशी तिचं पुढे किती सूत जमलं ते मी तुम्हाला काय सांगायचं! तिच्या मनात राग नाही. तिच्यासाठी ती एक साधी गोष्ट आहे, आजीला कुत्री आवडायची नाहीत. पण तुमच्याबद्दलची ही एक खोटी गोष्ट या घरात खरी म्हणून राहणार होती, आणि ती माझ्यामुळे. ती पुढे तिच्या मुलांना हेच सांगणार होती.

परवा दुपारी आम्ही दोघी तुमची ट्रंक आवरत होतो. मी म्हटलं, "मुग्धा, ते पिल्लू आजीने नको म्हटलं नव्हतं. मी नको म्हटलं होतं."

सगळं सांगितलं. शुक्रवारचं, ओट्यापाशी काय झालं ते. पोळीचंसुद्धा. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता चिडेल. चिडायला हवी होती. ती ट्रंकेच्या कडेला टेकून बसली आणि म्हणाली, "म्हणून होय."

"काय म्हणून?"

"मला इतकी वर्षं ते कोडंच होतं, आई. तुला एक सांगू? आजीने शपथ घातली होती."

मग तिने मला सांगितलं. तुम्ही तिला कोलशेतला न्यायचात ते पाच दिवस. पहिले दोन दिवस तुम्ही बाजेवर बसून नुसत्या बघत होतात. तिसऱ्या दिवशी हिराबाईकडे हात धुवायला पाणी मागितलंत. हिराबाई म्हणाली, "आजून हात तं लावला नाय, धुताव कशाला?" तुम्ही म्हणालात, "लहान जीव आहे, आधी माझे हात स्वच्छ नकोत का?" आणि हात धुऊन, पदराला पुसून, तुम्ही ते पांढरं पिल्लू मांडीवर घेतलंत. ते झोपलं. बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. तुमच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, मुग्धा ऊठ म्हणत होती, तुम्ही उठेनात. त्याच्याशी हळू आवाजात बोलत होतात. कल्याणच्या घराचं काहीतरी सांगत होतात, मामंजींचं काहीतरी, मुग्धाला सगळं कळलं नाही. एवढं तिला आठवतंय की तुम्ही त्याला विचारलंत, "आमच्याकडे वरण-भात असतो. चालेल ना रे तुला?"

चौथ्या दिवशी पुन्हा तसंच. पाचव्या दिवशीही. परत येताना तुम्ही बसमध्ये तिचा हात धरून म्हणालात, "मी मांडीवर घेतलं ते आईला सांगायचं नाही हं, माझी शपथ आहे. तिला वाटेल, म्हातारीच हट्ट धरून बसली आहे. तिच्या जिवाला आधीच खूप आहे."

"आणि मग रविवारी तीच आजी म्हणाली, मला चालणार नाही," मुग्धा म्हणाली. "मला वाटलं, तिने मला फसवलं. त्या पिल्लाला पण फसवलं. मला पिल्लू मिळालं नाही म्हणून मी रडत नव्हते गं तेव्हा. मला आजी कळेनाशी झाली होती." आणि ती तुमच्या ट्रंकेवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. दोघींकडे अर्धी अर्धी गोष्ट होती, आणि दहा वर्षं आम्ही एकाच घरात जेवत होतो.

तर आई, ते पिल्लू नक्की कोणाला हवं होतं हे आता मला कळलं आहे. त्याबद्दल मनात शंका उरली नाही. पण ते कळल्यावर मागे दुसरं उरलंच आहे, आणि ते मी आता कुणाला विचारू? तुम्ही मला सरळ का नाही सांगितलंत? 'सुधा, मला दिवसभर करमत नाही, मला हवं आहे ते पिल्लू,' एवढंच. हिराबाईला तुम्ही जवळा किती दिवस वाळवतात ते विचारू शकलात. सुनेला एवढं सांगायला तुम्हाला काय आड आलं? माझा चेहरा? की तुम्हाला वाटत होतं, या घरात मागायचा हक्क आपला नाही?

मी कितीदा मनात तो प्रसंग पुन्हा मांडून बघितला. तुम्ही ओटा पुसता पुसता थांबता, वळता, मला सांगता. आणि मी काय म्हणते? तुमच्याशी आता खोटं बोलून काय करू, म्हणून खरं तेच सांगते. त्या वर्षी मी बहुतेक नाहीच म्हटलं असतं. थकले होते मी. कारणं दिली असती, चिडले असते, कदाचित नंतर माझं मलाच वाईट वाटून आणलंही असतं, कोण जाणे. पण नाही म्हटलं असतं तरी ते माझं नाही असतं. मुग्धाने नऊ दिवस माझ्याशी अबोला धरला असता, आणि तो महिनाभर ती तुमच्याच कुशीत झोपली असती.